फुटलं तर कोणाचं?

तत्त्वज्ञान हा विषय आम्हाला बी.कॉम.ला नव्हता. अकाउंटन्सी होतं, कॉस्टिंग होतं, मर्कंटाइल लॉ होता, आणि सेक्रेटेरियल प्रॅक्टिस नावाचा एक विषय होता, ज्यात नेमकं काय आहे हे परीक्षेच्या दिवशीही वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे सत्य म्हणजे काय, मनुष्यजन्माचं सार्थक कशात, असले प्रश्न आर्ट्सवाल्यांना पडतात तसे मला कधी पडले नाहीत. मला जे काही नैतिक प्रश्न पडतात ते मोरीत पडतात. (मोरीला हल्ली सिंक म्हणतात, ती जमिनीवरून कंबरेपर्यंत वर आली आहे आणि तिच्यात आता पाय धुता येत नाहीत, पण प्रश्न तेच आहेत.)

गेले आठ महिने मला जो प्रश्न पडला आहे तो कॉफीच्या एका भांड्याचा आहे. आपण हसाल. आमच्या ब्रँचमध्येही हसले. पण प्रश्न ऐकून घ्या, मग हसा.

हे भांडं पुतणीने बंगळुरूहून पाठवलं. ती तिथे नोकरीला आहे आणि तिथल्या पाण्यामुळे म्हणा किंवा पगारामुळे म्हणा, तिला कॉफीतलं कळू लागलं आहे. आमच्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर, वर किसलेलं जायफळ आणि नावापुरती कॉफी. ती प्यायची कोणी? चहा न पिणाऱ्या पाहुण्यांनी, परीक्षेला बसलेल्या मुलांनी आणि सर्दी झालेल्यांनी. या तिन्हींपैकी काहीही नसताना कॉफी मागणारा माणूस आमच्याकडे उधळ्या समजला जातो. अशा घरात एक दिवस खोक्यातून ‘फ्रेंच प्रेस’ निघाला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेचा एक उभट पेला, त्याला स्टीलची चौकट आणि धरायला दांडा. वर झाकण, झाकणातून आरपार गेलेली सळई, सळईला वर गोटी आणि खाली चकती, जाळी आणि कडेने स्प्रिंग. पेल्यात जाडसर दळलेली कॉफी टाकायची, उकळून जरा दम खाल्लेलं पाणी ओतायचं, चार मिनिटं गप्प बसायचं आणि मग गोटीवर तळहात ठेवून सळई हळूहळू खाली दाबायची. चोथा तळाशी जातो, कॉफी वर राहते. घाईने दाबलं तर कॉफीही वर येते आणि शर्टावर बसते.

आईने तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाली, “म्हणजे काचेचा सोऱ्या.”

इतकी अचूक व्याख्या त्या खोक्यावरच्या सात भाषांत नव्हती. सोऱ्याच तो! फक्त शेव खाली पडायच्या ऐवजी कॉफी वर चढते. आईने लगेच पुढचं वाक्यही सांगून टाकलं. “करायला पाच मिनिटं आणि धुवायला जन्म.” दिवाळीत चकलीच्या चकतीच्या भोकांत वाळलेलं पीठ खराट्याच्या काडीने ज्यांनी टोकरून काढलं आहे त्यांना या वाक्यातलं दुःख कळेल. बाकीच्यांनी फक्त चकल्या खाल्ल्या आहेत.

या यंत्राचा इतिहास मी वाचला आहे. म्हणजे कर्जाची फाइल वाचतो तसा. 1852 साली पॅरिसच्या मेयर आणि डेलफोर्ज या दोघांनी याच्या एका पूर्वजाचं पेटंट घेतलं. त्यात सळईच्या टोकाला भोकं पाडलेला पत्रा होता आणि पत्र्याच्या वर-खाली फ्लॅनेलचं कापड. पुढे 1929 साली मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी घेतलं, आणि आज आपण पाहतो तसल्या घाटाचं 1958 साली फालिएरो बोंदानिनी यांनी. म्हणजे नाव फ्रेंच, पण शोध काही एकट्या फ्रेंचांचा नाही. खुद्द फ्रेंच लोक याला फ्रेंच प्रेस म्हणतच नाहीत. ते म्हणतात ‘पिस्टनची कॉफीदाणी’. बोंदानिनींचं भांडं तयार होऊ लागलं ते फ्रान्समधल्या क्लॅरिनेटच्या कारखान्यात. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण क्लॅरिनेटही वाजवून झाल्यावर आतून पुसून ठेवावी लागते, नाहीतर ओल धरते. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे फोटो आपण पाहतो. पुसणाऱ्याचा फोटो मी तरी पाहिलेला नाही. बहुधा दोघं एकच असावेत. तसं असलं की प्रश्न उरत नाही. आमच्या घरात ते दोघं एक नव्हते, म्हणून प्रश्न उभा राहिला.

आमच्याकडे कॉफी पिऊ लागले ते चिरंजीव. वय अठरा. रात्री जागून अभ्यास करायचा या सबबीवर त्यांनी प्रेसचा ताबा घेतला. जागरण होत होतं हे मी साक्षीला उभा राहून सांगू शकतो. अभ्यासाचं विद्यापीठ सांगेल. धुण्याची पद्धतही त्यांचीच. नळाखाली धरायचा, दोनदा सळई वर-खाली करायची, आणि काच लखलखली की पालथा घालून ठेवायचा. काच खरोखरच लखलखायची. खिडकीत ठेवला तर समोरच्या इमारतीतला दुसरा मजला त्यातून स्पष्ट दिसायचा.

मावशींना मात्र त्याला हात लावायची बंदी होती. मावशी म्हणजे आमच्याकडे भांड्याला येतात त्या. हा नियम कोणी केला हे विचारू नका. घरातले असे नियम ठराव न होताच मंजूर होतात. “काचेचा आहे, मावशींना देऊ नका,” एवढंच वाक्य हवेत होतं. त्यामुळे आमचा प्रेस ओट्याच्या कोपऱ्यात सोवळ्यात उभा असायचा आणि मावशी त्याच्या शेजारी कढया घासायच्या.

चार-एक महिन्यांनी एका सकाळी मावशींनी कढई खाली ठेवली, नाक वर केलं आणि म्हणाल्या, “दादा, या काचेच्या भांड्याला वास येतोय. खवट.”

चिरंजीवांनी काच उजेडात धरून दाखवली. स्वच्छ!

“काचेला नाही. त्या वरच्या जाळीला. ते उघडतं ना?”

आता हे उघडतं हे माहितीपत्रकात चित्रासकट दिलेलं होतं आणि ते माहितीपत्रक चिरंजीवांच्याच टेबलावर कपाखाली होतं. सळई धरून खालची चकती फिरवली की सगळं सुटं होतं. खाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची ताटली, तिच्यावर जाळी, जाळीवर स्प्रिंगवाली चकती. ते तिघं सुटे झाले आणि स्वयंपाकघरात जुन्या खोबऱ्याच्या डब्याचा वास पसरला. जाळीच्या दोन्ही अंगांना काळपट तुपकट थर. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चार महिन्यांची कॉफी, तारीखवार लावून ठेवल्यासारखी.

याचं कारण साधं आहे. कॉफीच्या दाण्यात तेल असतं. कागदाच्या गाळणीने कॉफी गाळली तर ते बरंचसं कागदात अडकतं आणि कागदाबरोबर केरात जातं. तारेच्या जाळीतून ते कपात उतरतं. प्रेसच्या कॉफीला जो भरदारपणा असतो तो त्याचाच. (त्या तेलाबरोबर कॅफेस्टॉल नावाचं एक प्रकरणही उतरतं आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकांनी नोंद घ्यावी आणि अठरा वर्षांच्या मुलांना सांगू नये. त्यांना पटत नाही.) पण थोडं तेल जाळीलाही चिकटतं. नुसत्या पाण्याने ते हटत नाही, हवा लागून खवट होतं आणि उद्याच्या ताज्या कॉफीत आपला हिस्सा टाकतं.

चिरंजीव हार जाणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, “बाबा, आजी लोखंडी तवा साबणाने धुते का? त्यावर तेलाचा थर बसू देते. मग हाही तसाच!” युक्तिवाद बरा होता. आईने तो एका वाक्यात निकालात काढला. “तव्याचं तेल जळून तव्याचं होतं. तुझं नुसतं नासलंय.” शास्त्रही अगदी हेच म्हणतं, फक्त जास्त ओळींत.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि इथे मी पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, “पण दिसत कुठे होतं? कोणाला काही झालं का? चार महिने सगळ्यांना स्वच्छच वाटत होतं ना? मग स्वच्छच होतं.”

मी बँकेत चोवीस वर्षं आहे. हा युक्तिवाद माझ्या ओळखीचा आहे. इन्स्पेक्शनच्या आधी आठ दिवस आमच्या ब्रँचमध्ये काच पुसण्याचा कार्यक्रम असतो. टेबलं रिकामी होतात, कुंड्या येतात, ‘आपली सेवा हेच आमचे ध्येय’ ही पाटी सरळ होते. जाळी कोणी उघडत नाही. सस्पेन्स खात्यात तीन वर्षांपूर्वी कोणीतरी टाकून ठेवलेली नोंद तशीच तुपकट होत बसलेली असते. इन्स्पेक्टर काचेतून आरपार बघतो, समोरचा दुसरा मजला त्याला स्पष्ट दिसतो, आणि तो चहा पिऊन जातो. तेव्हा मुलाचं बोलणं चूक आहे एवढं मला कळत होतं, पण ते ज्या शाळेत शिकवतात त्या शाळेत मी स्वतःच नोकरीला असल्यामुळे आवाज चढवता येईना.

खाण्याच्या सोड्याचं सरसरीत गंध करून जाळीला फासलं, दहा मिनिटं ठेवलं, जुन्या दातांच्या ब्रशने घासलं, मग साबण, मग गरम पाणी. स्प्रिंगच्या वेटोळ्यांसाठी खराट्याची काडी. आई विजयी मुद्रेने बघत होती. पांढरे क्षार धरले होते त्यांना लिंबू. तारेची घासणी मात्र काचेला लावू नये. ओरखडा पडला की काच पुढे त्याच रेघेवरून जाते. आणि चोथा सिंकमध्ये ओतू नये. तो विरघळत नाही, पाइपच्या वाकणात जाऊन बसतो आणि वरून येणाऱ्या तुपकट पाण्याशी संसार थाटतो. एवढं केल्यावर दुसऱ्या दिवशीची कॉफी खरोखरच वेगळी लागली. चहावाला असून मीही कबूल केलं.

इथवर प्रश्न सोपा होता. न दिसणारी घाणही घाणच, हे दोन रुपयांच्या सोड्याने सिद्ध झालं. अवघड भाग त्या संध्याकाळी सुरू झाला. आमची सौभाग्यवती म्हणाली, “ज्यांना वासावरून कळतं त्यांच्याच हातात देऊ या. उद्यापासून मावशी धुतील.”

सकाळी मावशींना तसं सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले. प्रेसकडे पाहिलं. हात लावला नाही.

“धुते की. पण दादा, फुटलं तर कोणाचं?”

आपल्याला वाटतं, हा पैशाचा प्रश्न आहे. मलाही पहिला अर्धा मिनिट तसंच वाटलं. या भांड्याची नुसती काच वेगळी मिळते आणि ती 900 रुपयांना पडते. मावशींना आमच्याकडे भांड्यांचे महिन्याला 1,200 रुपये मिळतात. कॉमर्सचा माणूस असल्यामुळे मी मनातल्या मनात भागाकार केला. साडेबावीस दिवस. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला काच फुटली तर मावशींनी तेवीस तारखेच्या दुपारपर्यंत आमच्या कढया फुकट घासायच्या. हा आकडा त्यांनी माझ्याआधी केलेला होता. चार महिने त्या त्याच्या शेजारी उभ्या राहूनही त्याला शिवल्या नाहीत. त्यात आमच्या बंदीपेक्षा त्यांच्या हिशेबाचाही भाग असावा असं मला आता वाटतं.

काच ही मोठी विलक्षण वस्तू आहे. फुटल्याचा आवाज सगळ्या घरांत एकच, खळ्ळ! पण ऐकणाऱ्यांच्या तोंडून पुढे काय निघतं ते फोडणाऱ्यावर अवलंबून असतं. पाहुण्याच्या हातून कप फुटला, तर “जाऊ द्या हो, काचच ती! तुम्हाला लागलं नाही ना?” घरच्या बाईच्या हातून फुटला, तर “चला, इडापिडा टळली.” जावयाच्या हातून फुटला, तर तो सेट नाहीतरी जुनाच झालेला असतो. आणि मावशींच्या हातून फुटला की तोच कप एकदम लग्नातल्या सेटमधला निघतो, त्याच्यासारखा आता बाजारात मिळत नाही, आणि “लक्ष कुठे असतं हो तुमचं?” ‘लागलं का?’ हा प्रश्न चौथ्या ठिकाणी कोणालाच सुचत नाही.

कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला दोन प्रकारचं नुकसान शिकवलं होतं. नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस. कुठलीही प्रक्रिया करताना काही माल वाया जाणारच. उकळताना वाफ जाणार, कापताना चिंध्या पडणार. तो नॉर्मल लॉस, आणि त्याचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर पसरून टाकायचा. त्यापलीकडे जाईल ते ॲबनॉर्मल; ते वेगळं काढायचं आणि त्याचा जाब विचारायचा. शंभर वेळा धुतली तर एकदा काच फुटणार, हा शुद्ध नॉर्मल लॉस आहे. आमच्या हातून फुटते तेव्हा आम्ही तो तसाच लिहितो. मावशींच्या हातून फुटली की तीच काच ॲबनॉर्मल होते. असा जमाखर्च एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर आमच्या प्राध्यापकांनी पेपर भिरकावून दिला असता.

आणि ही काच तशीही बेभरवशाची. तिला गरम पाणी सोसतं, कारण ती साध्या काचेपेक्षा वेगळी, बोरोसिलिकेटची असते. पण ठोका सोसत नाही. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे चोथा काढायची. माणूस भांडं उपडं करून कचऱ्याच्या डब्याच्या काठावर ठक ठक आपटतो, आणि चौकटीतून काच सुर्रकन निसटते. म्हणजे भांडं फुटतं ते कॉफी पिताना नाही, त्याच्याकडे बघत बसताना तर नाहीच. फुटतं ते साफ करताना. जो कॉफी पिऊन भांडं टेबलावर ठेवून उठतो त्याच्या हातून ते सात जन्मांत फुटायचं नाही. रेकॉर्ड एकदम स्वच्छ! आणि जो रोज धुतो त्याच्या हातून कधी ना कधी फुटणारच.

हे मी मोरीपाशी उभा राहून शिकलेलो नाही. हे मी काउंटरमागे शिकलो आहे. बँकेत दिवसअखेर रोकड मोजतात. कमी भरली, तर ती कॅशिअरने खिशातून भरायची. जास्त भरली, तर खिशात जात नाही. ती बँकेच्या खात्यात जमा होते आणि कोणी हक्क सांगायला येतं का याची वाट बघते. म्हणजे तूट आमची, वाढावा बँकेचा. या जोखमीपायी पगारात थोडा भत्ता असतो हे खरं. पण ती तूट ज्या दिवशी यायची असते त्या दिवशी भत्त्याला विचारून येत नाही.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा रद्द झाल्या आणि दहा तारखेला सकाळी आमच्या ब्रँचची रांग रिक्षा स्टँडपर्यंत गेली. आमचे ज्येष्ठ कॅशिअर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, तेव्हा सकाळी साडेनऊला बसायचे ते रात्री उठायचे. जेवणाचा डबा बऱ्याचदा तसाच परत जायचा. त्यात एक दिवस 4,000 कमी भरले. 2,000 च्या कोऱ्या करकरीत नोटा होत्या. एकीला एक चिकटून दोन जास्त गेल्या असणार. तीनदा मोजलं, टेबलाखाली कंदील धरल्यासारखं मोबाइल धरून शोधलं. शेवटी त्यांनी पाकीट काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिले, घरी सांगितलं नाही. पुढे 2023 च्या मे महिन्यात त्या 2,000 च्या नोटाच चलनातून मागे घेतल्या. ह्यांचे 4,000 मात्र गेले ते गेलेच. त्या पन्नास दिवसांत ज्यांनी एकही नोट मोजली नाही, अशीही माणसं आमच्या इमारतीत होती. केबिनला दार होतं. त्यांची एका पैचीही तूट आली नाही आणि वर्षअखेरीच्या शेऱ्यात त्यांच्याविषयी ‘कामात अचूक’ असं लिहिलं गेलं. ते खोटं होतं असं मला म्हणता येणार नाही.

तेव्हा ‘फुटलं तर कोणाचं?’ हा मावशींचा प्रश्न ऐकला आणि मला ते पाकीट दिसलं.

मी म्हटलं, “फुटलं तर घराचं. तुमचं नाही.”

सौभाग्यवतीने मला हॉलमध्ये बोलावलं. हॉलमध्ये बोलावणं म्हणजे काय हे संसारी वाचकांना सांगायला नको. तिचं म्हणणं तिच्या जागी चुकीचं नव्हतं. “पैसे कापा असं मी म्हणत नाही. पण आधीच सांगून टाकलं तर जपून कोण धुणार? फुटल्यावर माफ करू. आधी कशाला?”

हा मुद्दा आमच्या बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात एका साहेबांनी पाऊण तास शिकवला होता. नुकसान दुसऱ्याच्या माथी जाणार हे ठाऊक असलं की माणूस बेफिकीर होतो. कर्जमाफीपासून विम्यापर्यंत सगळीकडे हा लागू पडतो असं साहेब म्हणाले होते. मी तो तिच्या बाजूने मनातल्या मनात मांडून पाहिला आणि मलाही तो पटत चालला होता. फुटल्यावर माफ करण्यात मोठेपणाही मिळतो; आधी करारात लिहून दिलं की मोठेपणा बुडतो. आपल्याकडे माणसं हक्क म्हणून दमडी देत नाहीत आणि उपकार म्हणून रुपया देतात, त्याचं कारण हेच असावं.

पण हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त एक पडदा आहे.

मावशी पडद्याआडून म्हणाल्या, “ताई, तुमच्या हातनं फुटलं तर तुमचं कोण कापतं?”

“कोणी नाही.”

“तरी तुम्ही जपूनच धुता ना?”

पाऊण तासाच्या व्याख्यानाला हे उत्तर आहे असं ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पडदा थोडा वेळ स्तब्ध राहिला. मग सौभाग्यवती आत गेली आणि म्हणाली, “बरं, ठरलं. घराचं.” आणि मग, तिचं मला कौतुक वाटतं ते याच्यासाठी, म्हणाली, “आणि ते स्टीलच्या चार वाट्यांत मी ठेवत जाणार नाही. वेगळं ठेवीन.”

एकदा बोलणी सुरू झाल्यावर मावशींनी बाकीच्या अटीही मांडल्या. चोथा त्या काढणार नाहीत. ज्याने कॉफी प्यायली त्याने चमच्याने (लाकडी चमच्याने, स्टीलच्या नाही) कागदावर काढून ठेवायचा. भांडं गरम असताना त्यांच्या पुढ्यात यायचं नाही. आणि जाळी उघडायचं काम रविवारचं, ते चिरंजीवांनी करायचं. “पितो तो, उघडेल तो.” कर्जाचे दस्तऐवज मी रोज बघतो, इतक्या कमी शब्दांत इतक्या जबाबदाऱ्या वाटून दिलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. मी तारण मागितलं नाही.

चिरंजीवांनी तिथल्या तिथे विचारलं, “आणि रविवारी माझ्या हातून फुटला तर? घराचं?”

“तुझ्या पॉकेटमनीतून,” सौभाग्यवती म्हणाली.

“हा अन्याय आहे. मावशींना माफ आणि मला का नाही?”

मी त्याला म्हटलं, तू भागाकार कर. 900 भागिले तुझा महिन्याचा पॉकेटमनी. त्याने केला. पाच दिवसही येईनात. मग तो काही बोलला नाही, पण त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला पूर्ण पटलं आहे का, तेही सांगता यायचं नाही. मावशींच्या हातून महिन्याला एक काच फुटू लागली तर मी हाच लेख लिहीन का, हा प्रश्न मी मुद्दामच स्वतःला विचारलेला नाही. अजून एकही फुटलेली नाही, तेव्हा उदार व्हायला मला आतापर्यंत एक पैसाही खर्च आलेला नाही.

मध्यंतरी जाळीच्या कडेच्या तारा उसवल्या आणि कॉफीत गाळ येऊ लागला. नवी जाळी मागवली. आईने तुळशीला चोथा घालायला सुरुवात केली होती, ती तुळस रुसली म्हणून बंद केली. ब्रँचमधले एक मित्र ‘नुसत्या भांड्याचं एवढं काय?’ म्हणाले, ते केबिनवाले आहेत.

रविवारी सकाळी चिरंजीव जाळी उघडतात. सोडा, ब्रश, काडी. पाच मिनिटांत झालं म्हणून सांगतात. मावशी कढई खाली ठेवतात, हात धुतात, जाळी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेतात आणि एक डोळा मिटून बघतात. गेल्या रविवारी बराच वेळ बघितली. मग त्याच्या हातात परत दिली.

“कडेला आहे अजून.”